कर्करोगकारक पदार्थ कोण ठरवते आणि कसे? : सुपारीच्या निमित्ताने

क्षमावणीच्या दिवशी आमच्या कसबा बावड्यात सामूहिक भोजन झाले आणि नंतर मुखशुद्धीचे तबक फिरू लागले. बडीशेप, धणाडाळ, लवंग, वेलदोडे आणि कातरलेली सुपारी असा नेहमीचा थाट होता. माझ्या शेजारी औषधनिर्माणशास्त्र शिकणारी एक मुलगी बसली होती. तिने सुपारीची वाटी अलगद बाजूला सरकवली आणि म्हणाली, "काका, सुपारी पहिल्या गटातील कर्करोगकारक आहे. तंबाखू ज्या गटात, त्याच गटात." पलीकडे एक वयोवृद्ध व्यापारी बसले होते. त्यांचे सारे आयुष्य किराणा आणि सुपारीच्या घाऊक व्यापारात गेलेले. ते हसून म्हणाले, "अगं पोरी, त्याच गटात ऊनसुद्धा आहे म्हणे. मग आता उन्हात उभे राहायचे नाही की काय?"

मंडळी हसली आणि विषय तेथेच संपला. मला मात्र तो घरी आल्यावरही सोडीना. कारण दोघांचीही माहिती अचूक होती. सुपारी पहिल्या गटात आहे आणि सूर्यप्रकाशही पहिल्याच गटात आहे. माहिती एकच, परंतु मुलीने त्यातून सावधगिरीचा बोध घेतला आणि आजोबांनी त्यातूनच ती यादी गंभीरपणे घेण्याजोगी नाही असे मानले. यांपैकी योग्य काय, हे कळण्यासाठी ही यादी कोण करते आणि त्या गटांचा नेमका अर्थ काय, हे समजून घ्यावयास हवे. आपल्यापैकी अनेक घरांचा चरितार्थ किराणा, धान्य, मसाले, सुपारी, तंबाखू, सराफी यांवर चालतो. अशा घरांना तर हे समजून घेणे अधिकच आवश्यक आहे. मला त्याचे एक घरगुती कारणही आहे. त्याविषयी पुढे लिहितो.

यादी कोण करते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंतर्गत आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था काम करते. फ्रान्समधील ल्यों या शहरात तिचे मुख्यालय आहे. १९६५ मध्ये ती स्थापन झाली आणि २००६ पासून भारत तिचा सदस्य आहे. कोणता पदार्थ, कोणता व्यवसाय, कोणती सवय मानवात कर्करोग निर्माण करू शकते, याचा निवाडा ही संस्था १९७० च्या दशकाच्या प्रारंभापासून करीत आली आहे. आजवर हजाराहून अधिक गोष्टींची तपासणी झाली असून सव्वाशेहून अधिक गोष्टी पहिल्या गटात आहेत.

पद्धत अशी की, निरनिराळ्या देशांतील त्या विषयाचे अभ्यासक काही दिवस एकत्र बसतात. आपले आर्थिक हितसंबंध त्यांना आधी लेखी जाहीर करावे लागतात. उद्योगांचे प्रतिनिधी निरीक्षक म्हणून बसू शकतात, पण निर्णयात त्यांना मत नसते. अभ्यासकांसमोर प्रसिद्ध झालेले संशोधन ठेवले जाते आणि ते तीन प्रकारे तपासले जाते. पहिला पुरावा मानवांचा : तो पदार्थ सेवन करणाऱ्यांत किंवा हाताळणाऱ्यांत कर्करोग अधिक आढळतो काय? दुसरा प्राण्यांवरील प्रयोगांचा. तिसरा पेशींच्या पातळीवरचा : तो पदार्थ शरीरात जाऊन पेशीतील आनुवंशिक द्रव्याला इजा करतो काय? अहिंसाव्रती समाजाला दुसरा प्रकार खटकणे स्वाभाविक आहे. २०१९ मध्ये या संस्थेने आपली नियमावली सुधारली, त्यात तिसऱ्या प्रकारच्या पुराव्याला पूर्वीपेक्षा अधिक वजन मिळाले, हे येथे नमूद करावेसे वाटते.

हे सारे पाहून पदार्थ चारपैकी एका गटात टाकला जातो. गट १ म्हणजे मानवात कर्करोग निर्माण करतो हे सिद्ध झालेले. गट २अ म्हणजे बहुधा करतो. गट २ब म्हणजे कदाचित करीत असावा. गट ३ म्हणजे उपलब्ध पुराव्यावरून काहीच ठरविता येत नाही. पूर्वी 'बहुधा करीत नाही' असा चौथा गटही होता. त्यात वर्षानुवर्षे एकच रसायन होते. २०१९ च्या सुधारणेत तो गट रद्द झाला. याचा अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. 'निर्धोक' असे प्रशस्तिपत्र देण्यासाठी या यादीत आता रकानाच नाही.

मालमत्तेचे कागद आणि कर्जाची रक्कम

मी बँकेत कर्ज विभागात बरीच वर्षे काढली. तारणावरचे कर्ज मागणारा अर्ज आला की आमच्यापुढे दोन स्वतंत्र प्रश्न असत. पहिला प्रश्न, ही मालमत्ता खरोखर याचीच आहे काय? त्यासाठी बँकेच्या यादीवरील वकील जुने दस्त, सात-बारा, फेरफार तपासून सर्च रिपोर्ट देत. दुसरा प्रश्न, कर्ज किती द्यायचे? ते मूल्यांकन, उलाढाल, परतफेडीची क्षमता पाहून मंजुरी देणारा अधिकारी ठरवी.

आता असे पाहा. एक गुंठ्याच्या जागेचे कागद स्वच्छ असतील तर वकील 'टायटल क्लिअर' लिहितात. दहा एकर बागायतीचे कागद स्वच्छ असतील तरी तेच दोन शब्द लिहितात. म्हणून कोणी एक गुंठा आणि दहा एकर यांची किंमत सारखी मानत नाही. वकिलाचे मत पुराव्याच्या भक्कमपणाविषयी असते, मालमत्तेच्या आकाराविषयी नसते.

ल्योंची संस्था ही त्या वकिलाच्या जागी आहे. गट १ याचा अर्थ 'कर्करोग निर्माण करण्याची क्षमता या पदार्थात आहे, याचे कागद पूर्ण आहेत' एवढाच. धोका किती मोठा, किती मात्रेत, किती वर्षांत, हे तो गट सांगत नाही. गट २अ आणि २ब यांतील 'बहुधा' व 'कदाचित' या शब्दांनाही टक्केवारीचा अर्थ नाही, असे संस्था स्वतःच स्पष्ट करते. म्हणूनच तंबाखू, मद्य, ॲस्बेस्टॉस, दूषित हवा, लाकडाचा भुसा, क्ष-किरण, सूर्यप्रकाश आणि सुपारी हे सर्व एकाच गटात शेजारी शेजारी बसलेले दिसतात.

पंगतीतील आजोबांची गफलत येथे झाली. गट सारखा म्हणून धोका सारखा असे गृहीत धरून त्यांनी तो हास्यास्पद ठरविला. पण एका गुंठ्याचे कागद स्वच्छ निघाले म्हणून दहा एकरांचे कागद खोटे ठरत नाहीत. सूर्यप्रकाश आपल्याला जीवनसत्त्व देतो, सावलीत जाऊन तो टाळताही येतो. सुपारीचा तुकडा गालफडात तासन्‌तास राहतो, दिवसातून अनेकदा राहतो, वर्षानुवर्षे राहतो. पूजेच्या अष्टद्रव्यांत फळ म्हणून अर्पण केलेली सुपारी कोणाच्याही आरोग्याला बाधा आणीत नाही. तीच सुपारी दाढेखाली गेली की प्रश्न उभा राहतो. पदार्थाचा गट एकच, पण शरीराशी संपर्क किती, यावर धोका ठरतो.

सुपारीची फाइल

सुपारीचा निवाडा कसा झाला, हा इतिहास आपल्या महाराष्ट्राशी जोडलेला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता. डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग यांच्या मार्गदर्शनाखाली या विभागाने १९६० च्या दशकापासून खेडोपाडी घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासली. महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तपासणीचा त्यांचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. बॅटरीच्या प्रकाशात एकेक तोंड पाहून, सवयी विचारून, नोंदी करून जमविलेला हा पुरावा जगभरच्या अभ्यासकांना उपयोगी पडला.

१९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थेने तंबाखू आणि पान-सुपारी यांचा विचार केला. तंबाखू घातलेला विडा कर्करोगकारक आहे, असे तिने निःसंदिग्धपणे म्हटले. तंबाखूविना विड्याविषयी मात्र पुरावा अपुरा आहे, असे नोंदविले आणि तो तिसऱ्या गटात राहिला. अडचण अशी होती की, आपल्याकडे विडा खाणारे बहुतेक लोक तंबाखूही घेत. कर्करोग झाला तर तो तंबाखूमुळे की सुपारीमुळे, हे वेगळे काढता येत नव्हते. दोन भागीदारांच्या सामाईक खात्यातून पैसे गेले तर कोणी काढले हे सांगता येऊ नये, तसा हा प्रकार.

उत्तर तैवानमधून आले. तेथील लोक सुपारी मोठ्या प्रमाणावर चघळतात, परंतु तिच्यात तंबाखू घालीत नाहीत. तरीही त्यांच्यात तोंडाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळत होता. असे अभ्यास जमा झाल्यावर जून २००३ मध्ये संस्थेने फाइल पुन्हा उघडली. तंबाखूविना विडाही पहिल्या गटात गेला आणि खुद्द सुपारीही पहिल्या गटात गेली. २००४ मध्ये हा निर्णय ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

१९८५ ते २००३ या अठरा वर्षांत सुपारी बदलली नव्हती. पुरावा बदलला होता. गट ३ म्हणजे 'अद्याप ठरलेले नाही' इतकेच. व्यवहारात मात्र आपण 'सिद्ध नाही' याचा अर्थ 'सुरक्षित आहे' असा लावला आणि सुपारी खात व विकत राहिलो. ज्या कर्जदाराची कागदपत्रे अपुरी आहेत त्याला आम्ही बँकेत 'पत उत्तम' असे कधी लिहिले नाही. स्वतःच्या आरोग्याच्या बाबतीत मात्र नेमके तेच केले.

आप्पांचे तोंड

आता ते घरगुती कारण सांगतो. माझे मोठे चुलतभाऊ, ज्यांना आम्ही सारे आप्पा म्हणतो, त्यांचे लक्ष्मीपुरीत सुपारी व मसाल्याच्या पदार्थांचे दुकान होते. आप्पा कडक आचरणाचे. रात्रीभोजनाचा त्याग, कंदमुळांचा त्याग, चहासुद्धा बेताचा. तंबाखूला त्यांनी जन्मात हात लावला नाही आणि दुकानातल्या नोकरांनाही खाऊ दिला नाही. परंतु माल पारखण्यासाठी सुपारी फोडायची आणि एक खांड तोंडात टाकायचे, ही सवय त्यांना वडिलांच्या वेळेपासून होती. दिवसात दहा-बारा वेळा तरी ते होत असे. त्याला व्यसन म्हणावे असे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही.

प्रथम त्यांना आमटी तिखट लागू लागली. वहिनींनी तिखट कमी केले, तरी तोंडाची आग होई. मग भाकरीचा घास लहान लहान करावा लागू लागला. २००९ मध्ये दात दुखतो म्हणून ते दंतवैद्यांकडे गेले, तेव्हा तोंडात दोन बोटेही उभी जाईनात. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. दंतवैद्यांनी विचारले, "सुपारी खाता?" आप्पा म्हणाले, "डॉक्टर, मी तंबाखूला कधी शिवलेलो नाही." दंतवैद्य शांतपणे म्हणाले, "मी सुपारीचे विचारतोय."

गालाच्या आतील अस्तराखाली तंतू साचून ते चामड्यासारखे ताठर होत जाते, तोंड उघडेनासे होते, असा हा विकार आहे. सुपारी हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते आणि पुढे त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. आप्पांच्या बाबतीत दोन वर्षांनी तेच झाले. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. ईश्वरकृपा म्हणा, पुण्याई म्हणा, आप्पा आज आहेत. त्यांचे जेवण मात्र पातळ झाले आणि प्रवचनानंतर शंका विचारणारा त्यांचा खणखणीत आवाज गेला.

मला राहून राहून टोचते ते हे की, सुपारीचा निर्णय २००३ मध्ये झाला होता. आप्पांच्या निदानापूर्वी सहा वर्षे. तो कोणत्याही गुप्त कपाटात नव्हता, जाहीर होता. पण ल्योंहून लक्ष्मीपुरीपर्यंत तो पोहोचला नाही. सुपारीच्या पाकिटावर आरोग्याचा इशारा छापावा लागतो, परंतु पोत्यातून सुट्या विकल्या जाणाऱ्या मालावर कसला इशारा असणार? आणि मीही काही वेगळा नव्हतो. अशा कित्येक दुकानांच्या सुपारीच्या साठ्यावर मी कॅश क्रेडिटची मर्यादा मंजूर केली. मालाला बुरशी आहे का, विमा आहे का, हे तपासले. त्या मालाने खाणाऱ्याचे काय होते, हा रकाना आमच्या अर्जात नव्हता.

शास्त्राचा प्रश्न वेगळा, कायद्याचा वेगळा

गट १ मध्ये नाव आले की सरकार आपोआप बंदी घालते, असा अनेकांचा समज आहे. तसे होत नाही. आंतरराष्ट्रीय संस्थेला कोणत्याही देशात बंदी घालण्याचा अधिकार नाही. ती मत देते. त्यावर काय करायचे हे त्या त्या देशाचे कायदे ठरवितात, आणि कायद्याला शास्त्राखेरीज आणखीही प्रश्न विचारावे लागतात.

गुटख्याचे उदाहरण आपल्या राज्याचेच आहे. २००२ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने जुन्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली गुटखा व पानमसाल्यावर पाच वर्षांची बंदी घातली. उत्पादक न्यायालयात गेले. कायद्याच्या पुस्तकांत 'गोदावत पान मसाला विरुद्ध भारत सरकार' या नावाने नोंदला गेलेला हा खटला सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २००४ रोजी निकाली काढला आणि बंदी रद्द झाली. त्या निकालाने गुटखा निरुपद्रवी ठरविला नव्हता. राज्यातील अधिकाऱ्याला त्या कलमाखाली असलेला अधिकार तात्पुरत्या, निकडीच्या परिस्थितीपुरता आहे, अशी सरसकट दीर्घ बंदी घालण्याचा तो अधिकार नाही, असा त्याचा आशय होता. ज्या वर्षी सुपारीच्या निर्णयाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी हे घडले. बाजारात मात्र त्याचा अर्थ 'कोर्टाने गुटखा सोडवला' असा घेतला गेला.

पुढे अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आला. त्याखालील २०११ च्या नियमावलीत कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घटक म्हणून वापरता येणार नाही, असा नियम झाला. त्या कायद्याच्या कलम ३० नुसार राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांना सार्वजनिक आरोग्यासाठी एखाद्या पदार्थावर एक वर्षापर्यंत बंदी घालता येते. त्याआधारे जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली आणि नंतर सुगंधित सुपारीही तिच्या कक्षेत आली. मर्यादा एका वर्षाची असल्यामुळे हा आदेश वर्षानुवर्षे नव्याने काढावा लागतो. साधी सुपारी आजही कायदेशीर माल आहे. कायदेशीर असणे आणि निर्धोक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात यावे.

मर्यादा ठरविणारे

आता मंजुरी अधिकाऱ्याच्या खुर्चीकडे वळू. भारतात अन्नाच्या बाबतीत ती खुर्ची भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची आहे. अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्था आणि अन्न व औषध प्रशासन आहे, युरोपात युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरण आहे. किती मात्रा चालेल, कोठे चालेल, हे या संस्था पाहतात.

जुलै २०२३ मध्ये साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या ॲस्पार्टेमविषयी आपल्या मोबाइलवर संदेशांचा पूर आला होता. आपल्या समाजात मधुमेह घरोघरी असल्याने घबराट झाली. वस्तुस्थिती अशी की, ल्योंच्या संस्थेने त्याला गट २ब दिला, म्हणजे पुरावा मर्यादित. त्याच वेळी जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या संयुक्त समितीने दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. सत्तर किलो वजनाच्या माणसाला ती ओलांडण्यास अशा शीतपेयांचे नऊ ते चौदा डबे रोज प्यावे लागतील, असा हिशेबही दिला. एकाने कागद कितपत पुरे आहेत ते सांगितले, दुसऱ्याने मर्यादा सांगितली. दोहोंत विसंगती नाही.

मसाल्याच्या व्यापाऱ्यांना २०२४ चे प्रकरण आठवत असेल. हाँगकाँग व सिंगापूर येथे काही भारतीय मसाल्यांत इथिलिन ऑक्साइड आढळल्याने ते परत मागविण्यात आले. हा वायू मसाल्यातील जंतू मारण्यासाठी वापरतात आणि तो गट १ मध्ये आहे. याविषयी कोणत्याही देशाचे दुमत नाही. तरीही युरोपीय संघाची मसाल्यातील मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, तर अमेरिकेची ७ मिलिग्रॅम, म्हणजे सत्तरपट. अमेरिकेने मसाल्यातील जंतूंमुळे होणाऱ्या विषबाधेचाही विचार करून तो वापर चालू ठेवला. निर्यातदाराने म्हणूनच 'अमेरिकेत चालते' एवढ्यावर विसंबून माल युरोपला पाठवू नये.

कधी कधी वकील आणि मंजुरी अधिकारी यांचे मतही जुळत नाही. उसाच्या व इतर पिकांच्या शेतात तणनाशक म्हणून वापरले जाणारे ग्लायफोसेट २०१५ मध्ये गट २अ मध्ये गेले. अमेरिकी पर्यावरण संस्था व युरोपीय प्राधिकरण यांनी मात्र त्यापासून कर्करोगाचा संभव दिसत नाही असे म्हटले. कोणते संशोधन विचारात घ्यायचे, उद्योगांनी सादर केलेले अप्रकाशित अहवाल धरायचे की नाही, यावर हा मतभेद आहे. अशा वेळी फवारणाऱ्या मजुराला हातमोजे व तोंडावर आवरण देणे एवढे तरी निश्चितच आपल्या हाती असते.

उलट प्रकारही असतो. मिठाई, बुंदी रंगविण्यासाठी कोणी वापरतो तो ऱ्होडामाइन-बी हा कापडाचा रंग आंतरराष्ट्रीय यादीत गट ३ मध्ये आहे. तरीही अन्नात त्याला पूर्ण मज्जाव आहे, कारण आपल्या कायद्यात परवानगी असलेलेच रंग वापरता येतात. गट खालचा म्हणून वापर वैध, असे समीकरण मांडणारा व्यापारी अडचणीत येईल.

व्यापाऱ्याने काय करावे?

घाबरून धंदा बंद करा, असे सांगण्यासाठी हा लेख नाही. संदेश आला की आधी तीन प्रश्न विचारावेत. गट कोणता? मात्रा किती आणि किती काळ? शरीराशी संपर्क कोणत्या मार्गाने?

धान्य व शेंगदाण्याच्या व्यापारात बुरशीपासून होणारे अफ्लाटॉक्सिन हे गट १ मधील विष आहे. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमाभागात बुरशीचा मका खाल्ल्याने ३९७ जण आजारी पडले आणि १०६ मृत्यू झाले होते. यावर उपाय अवघड नाही. माल नीट वाळवावा, ओल लागू देऊ नये, सुरकुतलेले व काळे दाणे वेचून काढावेत आणि ते स्वस्तात विकू नयेत. सराफांकडे सोने सांधताना वापरले जाणारे कॅडमियम, ज्यावरून 'केडीएम' हा शब्द रूढ झाला, तेही गट १ मध्ये आहे. त्याची बाधा दागिना घालणाऱ्यापेक्षा धूर नाकात जाणाऱ्या कारागिराला होते. निपाणीच्या तंबाखू वखारींतील स्त्रियांचाही विचार तंबाखू ओढणाऱ्याइतकाच व्हावयास हवा.

सुपारीचा प्रश्न सर्वांत जवळचा आहे. याच आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात धूरविरहित तंबाखू आणि सुपारी यांमुळे जगात सुमारे १,२०,२०० जणांना तोंडाचा कर्करोग झाला आणि त्यांपैकी सुमारे ८३,४०० भारतातील होते. हे आकडे पाहिल्यावर उन्हाची तुलना कोणी करणार नाही.

आपल्या शास्त्रांनी गृहस्थाच्या व्यापाराचाही विचार केलेला आहे. पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य गणले आहे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत भेसळीचा व्यवहार आणि राज्याच्या नियमांचे उल्लंघन या दोहोंची गणना आहे. बंदी असलेली पाकिटे गल्ल्याखाली ठेवून विकणे त्यातच मोडते. आणि जेथे कायदा अद्याप गप्प आहे, शास्त्राने मात्र निवाडा दिला आहे, तेथे काय करायचे ते आपले आपणच ठरवायचे असते.

स्याद्वादातील 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' असा अर्थ पुष्कळ लोक करतात. तो बरोबर नाही. 'अमुक अपेक्षेने' असा त्याचा अर्थ आहे, आणि त्या अपेक्षेपुरते विधान निश्चित असते. कर्करोगकारक पदार्थांची यादीही अशीच वाचावी. पुराव्याच्या अपेक्षेने सुपारी आणि ऊन समान आहेत. मात्रेच्या आणि सवयीच्या अपेक्षेने मुळीच समान नाहीत. त्या मुलीचे विधान आणि आजोबांचे विधान, दोन्ही खरी असून निर्णय मात्र मुलीचा योग्य होता, तो यामुळे.

आप्पांच्या मुलाने २०१० मध्येच, म्हणजे बंदी येण्यापूर्वी, सुगंधित सुपारीची पाकिटे ठेवणे बंद केले. उलाढाल उतरली, दोन वर्षे ओढाताण झाली. मग त्याने मसाल्याचे पदार्थ वाढविले आणि दुकान सावरले. पूजेसाठी अखंड सुपारी तो आजही विकतो. खाण्यासाठी सुटी सुपारी मागणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांना तो आधी आरशापुढे उभे करून तोंडात तीन बोटे घालून पाहायला सांगतो. काहीजण रागावतात, काहीजण करून पाहतात.

पुढच्या क्षमावणीला आमच्या तबकात बडीशेप, धणाडाळ, लवंग आणि वेलदोडे असतील. सुपारीची वाटी नसावी, असे मी आमच्या मंडळाला लेखी सुचविले आहे. वाचकांनीही आपापल्या घरी आरशासमोर तीन बोटांची ही परीक्षा एकदा करून पाहावी. बोटे मावली नाहीत, गालाला पांढरेपणा अथवा ताठरपणा जाणवला, तिखट सोसेनासे झाले, तर संकोच न करता दंतवैद्यांना दाखवावे, आणि ते सुपारीविषयी विचारतील तेव्हा तंबाखूचे उत्तर देऊ नये.